सावित्रीचे पाणी आणि खुला बाजार

महाड म्हटले की शाळकरी मुलालाही दोन गोष्टी आठवतात. एक रायगड आणि दुसरे चवदार तळे. वर्गात शिकवताना मीही या दोहोंपाशीच बराच वेळ रेंगाळतो, कारण परीक्षेत प्रश्न त्यांच्यावरच येतात. परंतु महाडची आणखी एक गोष्ट आहे. ती क्रमिक पुस्तकात नाही. ती सावित्री नदीची आणि १९९१ सालानंतर तिच्या काठी जे घडले त्याची आहे. ही गोष्ट अजून ताजी आहे, तिला इतिहास कसे म्हणावे, असे माझे काही विद्वान मित्र विचारतात. मला वाटते, ज्या घटनेच्या वेळी जन्मलेली मुले आता स्वतः आईबाप झाली आहेत, तिला इतिहासात घ्यायला हरकत नसावी.

१९९१ सालच्या जुलै महिन्याची २४ तारीख. आषाढी एकादशी नुकतीच होऊन गेली होती. त्या दिवशी दिल्लीत दोन कागद बाहेर पडले. एक नवे औद्योगिक धोरण आणि दुसरा अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांचा अर्थसंकल्प. देशाजवळ परकीय चलन उरले होते ते जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरते. महिन्याच्या आरंभी दोन दिवसांच्या अंतराने रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले होते, आणि सुमारे ४७ टन सोने इंग्लंड व जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे गहाण पडले होते. घरातली पाटली सावकाराकडे ठेवावी तसाच हा प्रकार! नव्या धोरणाने अठरा उद्योग वगळता बाकी सर्वांची परवाना-पद्धत रद्द केली. जकातीची कमाल पातळी १५० टक्क्यांवर आणली. पुढे ती उतरत उतरत २००७ पर्यंत दहा टक्क्यांवर आली. या धोरणाचे कारखान्यांवर, बँकांवर, मध्यमवर्गाच्या घरांवर काय परिणाम झाले, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांच्या डोंगरावर आणि पाण्यावर काय झाले, हे मात्र कोणी फारसे विचारले नाही.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते. कृष्णा, कोयना, वेण्णा या तिच्या बहिणी पूर्वेला देशावर जातात. ही मात्र कड्यावरून पश्चिमेला उडी घेते, पोलादपूरच्या दऱ्यांतून महाडच्या सपाटीवर येते, वाटेत काळ आणि गांधारी या नद्यांना पोटात घेते, दासगावच्या पुढे खाडी होऊन पसरते, आणि बाणकोटपाशी समुद्राला मिळते. भरतीचे पाणी खाडीतून थेट महाडपर्यंत चढते. म्हणूनच महाड हे समुद्रापासून इतके आत असूनही बंदर होते. वरंध्याचा घाट आणि पारघाट उतरून देशावरचे बैलांचे तांडे इथे येत आणि इथला माल गलबतांत चढे. तेव्हा महाडला खुल्या व्यापाराची ओळख १९९१ सालीच झाली, असे कोणी समजू नये. १७५६ साली पुणे दरबाराशी झालेल्या तहात इंग्रजांनी बाणकोट आणि त्याबरोबर खाडीकाठची काही गावे मागून घेतली, ती उगाच नव्हे. मुंबई बेटाला रसद हवी होती.

मुंबई बेटाची ही भूक पुढेही वाढतच गेली, आणि या भागाच्या पर्यावरणाचा पहिला मोठा अध्याय तिनेच लिहिला. तो अध्याय लाकडी कोळशाचा. कोकणातली बरीचशी जंगले खाजगी मालकीची होती. ठेकेदार झाडोरा विकत घेत, पावसाळ्याच्या तोंडी कातकरी कुटुंबांना खावटीची उचल देत, आणि पाऊस सरला की ही कुटुंबे पोराबाळांसकट रानात भट्ट्या लावायला जात. झाड तोडायचे, रचायचे, मातीने लिंपायचे, धुमसत ठेवायचे. आणि उचल मात्र काही केल्या फिटायची नाही. मुंबई-पुण्याच्या शेगड्यांत कित्येक वर्षे हे डोंगर जळत होते. स्वयंपाकाचा गॅस घरोघर आला आणि १९७५ साली खाजगी वने ताब्यात घेण्याचा कायदा झाला, तेव्हा त्या धंद्याला उतरती कळा लागली. परंतु तोवर अनेक उतारांवर साग-ऐनाच्या जागी नुसते करवंदीचे झुडूप राहिले होते. हे सांगायचे कारण एवढेच की, आधी सगळे रामराज्य होते आणि १९९१ साली रावण आला, अशी मांडणी इतिहासाला मानवत नाही.

औद्योगिक वसाहतीचेही तसेच आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. मुंबईतली गर्दी कमी करावी आणि मागासलेल्या तालुक्यांत धंदे न्यावेत, हा त्यामागचा हेतू होता, आणि तो वाईट नव्हता. महाडजवळ बिरवाडीच्या परिसरात वसाहतीसाठी जमिनी घेतल्या गेल्या त्या उदारीकरणाच्या आधीच. पाणी भरपूर, महामार्ग दारात, खाडी जवळ. रसायनांच्या कारखान्याला आणखी काय हवे असते?

मग १९९१ ने नवे काय केले? इथे त्या धोरणातले एक कलम मुद्दाम पाहण्यासारखे आहे. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरापासून २५ किलोमीटरच्या पलीकडे कारखाना काढायचा असेल, तर जागेसाठी केंद्राची मंजुरी लागणार नाही, असे त्यात म्हटले होते. शहराच्या आत यायचे, तर तो प्रदूषण न करणारा उद्योग हवा किंवा आधीच ठरलेल्या औद्योगिक क्षेत्रात हवा. शहरवासीयांच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच. पण जरा उलट्या बाजूने वाचा. ज्याचा वास शहराला नको, त्याने २५ किलोमीटर ओलांडावे, एवढाच त्याचा अर्थ उरतो. महाड ते अंतर कितीतरी पटींनी ओलांडून बसलेले होते.

दुसरी गोष्ट बाजाराची. रुपया स्वस्त झाला की निर्यात परवडते. रंग, रंगांसाठी लागणारी मधली रसायने आणि औषधांचे मूळ घटक यांना परदेशात गिऱ्हाईक होते, आणि त्यालाही एक इतिहास आहे. कृत्रिम रंगांचा धंदा मूळचा युरोपातला, ऱ्हाईन नदीच्या काठचा. १९८६ च्या १ नोव्हेंबरला स्वित्झर्लंडमधल्या बाझलजवळ एका रसायनांच्या गोदामाला आग लागली, आग विझवायचे पाणी विषासकट ऱ्हाईनमध्ये गेले आणि नदी लाल होऊन मासे मेले. त्यानंतर ऱ्हाईनकाठच्या देशांनी नदी स्वच्छ करण्याचा चंग बांधला आणि तो बऱ्याच अंशी तडीसही नेला. कायदे कडक झाले, रंग करणे महाग झाले. पण लोकांनी रंगीत कपडे घालणे काही सोडले नाही. मग रंग कुठे तयार व्हायचे? १९९१ च्या डिसेंबरात जागतिक बँकेच्या मुख्य अर्थशास्त्रज्ञाच्या सहीचे एक टिपण फिरले, आणि पुढल्या वर्षी ते बाहेर फुटले. घाण करणारे उद्योग गरीब देशांकडे सरकवणे अर्थशास्त्राच्या हिशेबाने कसे चोख आहे, हे त्यात मांडले होते. ते उपरोधाने लिहिले होते, असा खुलासा नंतर करण्यात आला. असेल. पण जगाचा व्यवहार त्या टिपणाप्रमाणेच चालला होता.

याचा पुरावा आपल्याच सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. राजस्थानातल्या बिछडी गावी एच-आम्ल नावाचे रंगद्रव्याचे मधले रसायन तयार होत असे. पाश्चात्त्य देशांत त्याच्या उत्पादनावर बंदी आली होती आणि मागणी मात्र कायम होती. कारखाने थोडा काळच चालले, पण गाळ उघड्यावर पडला, विहिरी लालसर झाल्या आणि गाव सोडायची पाळी आली. १९९६ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने निकाल दिला की, ज्याने घाण केली त्यानेच ती निस्तरण्याचा खर्च द्यावा. तत्त्व उत्तम आहे. पण एक किलो रंगाचा जो भाव परदेशी व्यापाऱ्याला सांगितला जातो, त्यात विहिरीचा भाव धरलेला नसतो. त्या भावामुळेच तो माल खपतो.

आता सांडपाण्याचे थोडे समजून घेऊ. मी रसायनशास्त्राचा नाही. पण माझ्या वर्गातल्या अनेक मुलांचे वडील, काका, भाऊ या वसाहतीत कामाला आहेत, आणि मला जे समजले ते बरेचसे त्यांच्याकडून. रंगाच्या किंवा औषधाच्या कारखान्यातून निघणाऱ्या पाण्यात आम्ल असते, क्षार असतात आणि न कुजणारी कार्बनी द्रव्ये असतात. पाण्यातली ही द्रव्ये नाहीशी व्हायला किती प्राणवायू लागेल, यावरून त्याची घाण मोजतात. नियमाप्रमाणे बाहेर सोडायच्या पाण्यात हे रासायनिक माप दर लिटरला २५० मिलिग्रॅमच्या वर असू नये. कारखान्यातून निघताना ते कित्येकदा हजारांच्या घरात असते. म्हणून आधी कारखान्याने आपले पाणी काही प्रमाणात शुद्ध करायचे, मग ते वसाहतीच्या सामुदायिक प्रक्रिया केंद्राकडे पाठवायचे. तिथे चुन्याने आम्ल मारतात, गाळ बसवतात, मोठ्या हौदांत हवा खेळवून जंतूंकडून उरलेली घाण खाववतात, आणि नंतर ते पाणी नळाने खाडीत सोडतात.

हे ऐकायला ठीक वाटते. पण जंतूंना काही गोष्टी पचत नाहीत. क्षार तर ते खातच नाहीत. आणि एखाद्या कारखान्याने न सांगता कडक पाणी सोडले, तर हौदातले जंतूच मरतात आणि मग पुढचे काही दिवस सगळ्यांचेच पाणी कच्चे जाते. शिवाय आणखी एक बारीक गोष्ट आहे. जैविक प्राणवायूच्या मापाला नदीत सोडायच्या पाण्यासाठी ३० ची मर्यादा आहे, समुद्रात सोडायच्या पाण्यासाठी १०० ची. म्हणजे नळ जितका खाडीकडे लांबवावा तितके पाणी कायद्याच्या दृष्टीने शुद्ध होत जाते! खाडीकाठच्या भोई आणि कोळ्यांना हा चमत्कार कळत नाही. बोय गेली, चिंबोरी कमी झाली, जाळ्याला वास येतो, ही त्यांची तक्रार जुनी आहे. समुद्रातला मच्छीमार मासा नाही मिळाला तर आणखी पुढे जातो. खाडीतला मच्छीमार एका छोट्या होडीने भरतीबरोबर आत जातो आणि ओहोटीबरोबर परत येतो. त्याला पुढे जायला जागाच नाही.

इथे वाळणकोंडीची आठवण येते. काळ नदीच्या पात्रात वाळण गावाजवळ एक खोल डोह आहे, काठी वरदायिनी देवीचे ठाणे. डोहातले मासे देवीचे, ते कोणी धरायचे नाहीत, असा पूर्वापार दंडक. काठावरून कुरमुरे टाकले की काळ्या पाठीचे मोठमोठे मासे झुंडीने वर येतात. दर दोन-तीन वर्षांनी मी मुलांना तिथे नेतो. धर्मश्रद्धेने एखादा मासा कसा टिकतो, हे तिथे शिकवता येते. पण तीच काळ नदी पुढे बिरवाडीवरून जाते. एकदा एका मुलाने मला विचारले, "सर, देवीची हद्द कुठपर्यंत?" मी त्याला काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. त्याचा आजा खाडीत मासे मारी आणि बाप वसाहतीत पाळीवर जाई, हे मला नंतर कळले.

तेव्हा बापाची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर लेख एकांगी होईल. वसाहत येण्यापूर्वी महाड-पोलादपूरच्या तरुणाला मुंबईची गाडी पकडण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज तो रात्री आपल्या घरी झोपतो. पगार कंत्राटी असेल, पण गावात आहे. पत्र्याच्या जागी स्लॅब आला, मुलगी शास्त्र शाखेत गेली, हे सगळे वसाहतीच्या पैशावर. खुल्या बाजाराचा पुरस्कार करणारे अर्थशास्त्रज्ञ म्हणतात की, देश गरीब असताना घाण वाढते, उत्पन्न एका पातळीपर्यंत चढले की लोक स्वच्छ हवा-पाणी मागू लागतात आणि घाण उतरू लागते. ग्रॉसमन आणि क्रूगर या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ सालीच आकडेवारीवरून असा एक चढउताराचा वक्र मांडला. तो काही प्रकारच्या धुराला लागू पडतो, हे मलाही मान्य आहे. पण त्या वक्राच्या चढावर जो उभा असतो त्याला माथा दिसत नाही. आणि ऱ्हाईनचा उतार काही अंशी आपल्या नद्यांच्या चढावर उभा आहे, हे तो वक्र सांगत नाही. महाड आपली घाण पुढे कुठे पाठवणार? शिवाय हा बाप रोज काय जोखीम घेऊन पाळीवर जातो, तेही पाहा. २०२३ च्या ३ नोव्हेंबरला या वसाहतीतल्या एका औषधाच्या कारखान्यात स्फोट झाला आणि अकरा कामगार गेले.

मला विचाराल, तर खरा दोष परवाने गेले याचा नाही. परवान्याच्या राज्यात कुठल्या नदीचे भले झाले होते? परवाना देणारा साहेब सिमेंटचे पोते मोजी, नदी मोजत नसे. दोष असा की, परवान्याची फाटके धडाधड उघडली आणि पहारेकऱ्यांची संख्या त्या बेताने वाढली नाही. पहाऱ्याचे कायदे होते. महाराष्ट्राने प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० सालीच स्थापले, केंद्राचा पाण्याचा कायदा १९७४ चा, भोपाळच्या दुर्घटनेनंतर पर्यावरण संरक्षणाचा कायदा १९८६ चा. उदारीकरणानंतरही १९९४ साली मोठ्या प्रकल्पांचा पर्यावरणावरील परिणाम आधी तपासण्याचा नियम आला, १९९७ पासून जनसुनावणी आली. म्हणजे एक हात दार उघडत होता आणि दुसरा कडी घालत होता. परंतु हळूहळू कडी सैल होत गेली. २००६ च्या नव्या अधिसूचनेत मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतीच्या आतल्या कारखान्यांना जनसुनावणीतून सूट दिली गेली. या सवलतीच्या अर्थावरून पुढे वाद झाले ते सोडा. पण बिरवाडीच्या माणसाच्या नजरेने पाहा. त्याच्या गावाजवळ वसाहत आहे, म्हणूनच नव्या कारखान्याबद्दल त्याला विचारायचे कारण उरले नाही. नद्यांच्या काठापासून किती अंतरावर कोणत्या प्रकारचा कारखाना असावा, याचे एक धोरण महाराष्ट्रात होते. २०१५ च्या फेब्रुवारीत तेही रद्द झाले. उद्योगधंदा सुलभ व्हावा हे त्यामागचे कारण.

आता पोलादपूरकडे वळू. तिथे वसाहतीच्या चिमण्या नाहीत, पण १९९१ ची झळ वेगळ्या वाटेने पोचली. पोलादपूर हा चाकरमान्यांचा तालुका. डोंगरउतारावर नाचणी आणि वरी, दरीच्या तळाशी थोडा भात, आणि बाकी सगळे मुंबईच्या मनीऑर्डरीवर. गिरणगावात एका खोलीत गावचे दहा-पंधरा जण पाळ्यांप्रमाणे झोपत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो खऱ्या अर्थाने कधी संपलाच नाही. आणि १९९१ साली मुंबईच्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी झाली. कापड विणण्यापेक्षा जमीन विकणे किफायतशीर ठरले. चाकरमानी परत आला. पण डोंगरशेती आता त्याच्या हातून होईना. नाचणीला भाव नाही, वाड्यांत माणसे नाहीत. राब भाजायला आणि बांध घालायला चार घरांचे हात लागतात, आणि चारांपैकी तीन घरांना कुलूप. बांध ढासळले, उतार ओसाड पडले.

ओसाड जमिनीला गिऱ्हाईक मात्र होते. शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घेऊ नये, असा आपल्या कुळकायद्याचा दंडक. १९९४ साली त्यात दुरुस्ती झाली आणि प्रामाणिक औद्योगिक वापरासाठी, ठराविक मर्यादेत, जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून जमीन घेता येऊ लागली. त्याशिवाय आडवाटा होत्याच, त्या मी सांगायला नकोत. मुंबई-पुण्यात नवा पैसा आला होता. त्याला डोंगरात एक घर, एक आमराई हवी होती. जे डोंगर पूर्वी कुदळीने वर्षाला हातभर सरकत, तिथे पिवळे यंत्र आले आणि एका दिवसात रस्ता कापू लागले. मालकीच्या जंगलातली तोडही थांबली नाही. पूर्वी झाड शेगडीत जाई, आता वीटभट्टीत आणि कारखान्याच्या बाष्पकात जाते.

वाढत्या शहरांना वाळूही हवी होती. सावित्रीच्या खाडीतली वाळू पडावांत भरून जाऊ लागली. सुरुवातीला डुबी मारून, मग यंत्राने. छोट्या वाळूपट्ट्यांनाही पर्यावरणाची मंजुरी लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या फेब्रुवारीत बजावले. २०१६ च्या २ ऑगस्टच्या रात्री महाड आणि पोलादपूर यांच्यामधला सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एस. टी. गाड्या माणसांसकट गेल्या. पूल १९२८ चा होता. त्याचे वय, त्यावरची वाढलेली रहदारी आणि पात्रातला उपसा, या तिन्हींची चर्चा तेव्हा झाली. नवा पूल मात्र १६५ दिवसांत उभा राहिला. मनात आले तर सरकारला काय जमते, याचे ते एक उदाहरण. पुढे महामार्ग रुंद झाला, २०२३ साली कशेडीच्या बोगद्यातून वाहतूक सुरू झाली, आणि त्या खडीसाठी आणखी काही टेकड्या पोटातून पोखरल्या गेल्या.

वाचक म्हणतील, आणि दरडी? त्यांबद्दल मला फार जपून बोलावेसे वाटते. २००५ च्या जुलैअखेरीस दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर डोंगर आले आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. २०२१ च्या २२ जुलैला महाड तालुक्यातल्या तळियेत ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूरच्या साखर-सुतारवाडी आणि केवनाळे इथेही घरे गेली. त्या वेळी महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. इतका पाऊस पडला तर झाडी असलेला डोंगरही सरकू शकतो. तळियेच्या माथ्यावर कुणाचा कारखाना नव्हता. म्हणून दरडींचे खापर थेट खुल्या बाजारावर फोडायला मी तयार नाही. मात्र झाडोरा गेलेला, बांध पडलेले आणि पायथा कापलेला उतार पावसाला कमी दाद देतो, हे कुणब्यालाही ठाऊक आहे. आणि पूर आला की तो महाडच्या बाजारपेठेत नुसते पाणी आणत नाही. वरच्या डोंगराची माती आणतो, आणि दुकानातून ती उपसायला लोकांची दिवाळी उजाडते.

१९२७ साली २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्यावर गेले, तेव्हा पाण्यावर हक्क कुणाचा, हा प्रश्न होता. त्याचा कायदेशीर निकाल लागायला १९३७ चा मार्च उजाडावा लागला. मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, स्पृश्यांचा म्हणवला जाणारा पूर्वापार विशेष हक्क शाबीत होत नाही. ते तळे नगरपालिकेचे, म्हणजे सर्वांचे. दहा वर्षे लागली, पण प्रतिवादी ठरलेला होता आणि तळ्याला चार बाजू होत्या. सावित्रीच्या दाव्यात प्रतिवादी कोणाला करायचे? ओसाड शेत विकणाऱ्या चाकरमान्याला, पाळीवर जाणाऱ्या बापाला, रंगीत सदरा घालणाऱ्या परदेशी माणसाला, की तुम्हा-आम्हाला?

पश्चिम घाटासाठी २०१० साली माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने २०११ मध्ये अहवाल दिला. तो फार कडक वाटला, म्हणून कस्तुरीरंगन समिती आली, तिचा अहवाल २०१३ चा. त्यावरून केंद्राने २०१४ पासून अधिसूचनेचे मसुदे काढायला सुरुवात केली. महाराष्ट्रातले १७,३४० चौरस किलोमीटर त्यात येतात, आणि महाड-पोलादपूरची कितीतरी डोंगरी गावेही. यादीतल्या गावात खाण, दगडाची खदान, वाळूचा उपसा आणि सर्वांत घाण करणारे कारखाने नकोत, असे मसुदा म्हणतो. पोलादपूरच्या एका वाडीत या विषयावर बोलणे निघाले, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "खाली कारखाने झाले तेव्हा आम्हाला कोणी विचारलं नाही. आता जंगल राखा म्हणून यादीत घालताय, तेव्हाही कोणी विचारलं नाही. राखू की. पण पोरगा काय खाणार, ते यादीत लिहिलंय का?" यादीत ते लिहिलेले नव्हते. सहावा मसुदा २०२४ च्या ३१ जुलैला निघाला. हरकती नोंदवायला साठ दिवसांची मुदत होती. आधीच्या पाच मसुद्यांची मुदतही अशीच उलटून गेली होती.